प्रेक्षकांचे पक्ष आणि रसिकाचे सौजन्य

काव्य एकांतात वाचता येते, चित्रापुढे एकट्याने उभे राहता येते. परंतु नाटक पाहावयाचे तर शेजारी अनोळखी मनुष्य बसलेला असतो. पडदा पडल्यावर त्याचे मत आपल्या मताशी जुळेल याची कोणतीही हमी नसते. नाट्यरसिकांतील मतभेद हा म्हणूनच अपवाद नव्हे; तो या कलेचा स्वभावच होय. मतभेद असावेत की नसावेत, हा प्रश्न निरर्थक आहे. मतभेद झाल्यावर रसिकाने रसिकाशी कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे. तो शिष्टाचाराचा मानून समीक्षक सामान्यतः बाजूला ठेवतात. आमच्या मते तो समीक्षेचाच प्रश्न आहे. कारण असौजन्य हा केवळ वर्तनाचा दोष नाही, तो आस्वादाचाही दोष आहे. प्रतिपक्षाच्या आवडत्या नटातील गुण ज्याला दिसत नाहीत, त्याला स्वतःच्या आवडत्या नटातील गुणही नीटसे दिसलेले नसतात. त्याने फक्त एक बाजू पत्करलेली असते.

या विषयाचा विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रयोगाला बाधा आणणाऱ्या गोष्टींना तेथे ‘घात’ अशी संज्ञा आहे. काही घात दैवामुळे होतात, काही नटाच्या स्वतःच्या चुकीमुळे होतात, आणि काही परक्यांकडून केले जातात. या तिसऱ्या प्रकाराची जी कारणे भरताने दिली आहेत, ती आजच्या वाचकाला विस्मयकारक वाटतील : मत्सर, द्वेष, पक्षपात आणि द्रव्याने फितविले जाणे. अकारण मोठ्याने हसणे, ओरडणे, शेण व ढेकळे फेकणे, इतकेच काय, रंगभूमीवर मुंग्या सोडणे, असे प्रकारही त्याने नोंदविले आहेत. प्रेक्षकांतील पक्षोपपक्ष हे आधुनिक काळाचे अपत्य आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

परंतु भरत दोष दाखवून थांबत नाही. सर्व गुण एका प्रेक्षकाच्या ठायी असणे शक्य नाही, असे तो स्पष्ट सांगतो. तरुणाला एक गोष्ट रुचते, वृद्धाला दुसरी, विरक्ताला तिसरी. प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झालाच, तर निवाड्यासाठी तो एकाच पंडिताला बोलावीत नाही. त्याचे ‘प्राश्निक’ अनेक आहेत : यज्ञविधीचा जाणकार, नर्तक, छंदांचा अभ्यासक, व्याकरणवेत्ता, शस्त्रविद्येत निपुण असलेला, चित्रकार, गायक, राजा, राजसेवक आणि गणिकाही. प्रत्येकाने आपल्याला जे कळते तेवढ्यापुरते बोलावे, ही त्यामागील अपेक्षा. या व्यवस्थेत सौजन्याचा उपदेश कोठेही नाही. सौजन्य त्या व्यवस्थेच्या रचनेतच आहे. आपल्याला सर्व कळत नाही, हे ज्याने आधीच मान्य केले आहे, त्याची जीभ आपोआप आवरली जाते.

आता हे तत्त्व आपल्या संगीत रंगभूमीच्या एका सुपरिचित प्रसंगावर पारखून पाहू. १९०८ साली केशवराव भोसले यांनी हुबळी येथे ललितकलादर्श ही नाटक मंडळी स्थापन केली. १९१३ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढील आठ वर्षे या दोन मंडळ्यांनी मराठी प्रेक्षकांचे जणू दोन भाग केले. गंधर्वांचा चाहता केशवरावांच्या गाण्याला उग्र म्हणे. केशवरावांचा चाहता गंधर्वांच्या गाण्याला मिळमिळीत म्हणे. दोघेही आपापल्या देवाची पूजा करीत होते, आणि पूजेचा अर्धा भाग दुसऱ्याच्या देवाची निंदा करण्यात खर्ची पडत होता.

वस्तुतः या दोन गायकांत कोण श्रेष्ठ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला होता. भास्करबुवा बखले यांच्या तालमीने घडलेले बालगंधर्वांचे गाणे शब्दाला कुरवाळीत, लयीशी लडिवाळपणे खेळत पुढे जाई. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांतून ही गायकी पूर्णत्वास पोहोचली. केशवरावांचा आवाज उंच पट्टीत सहज फिरणारा, तेजस्वी. त्यांच्या तानेत आवेश होता. ‘संन्याशाचा संसार’ या नाटकासाठी रामकृष्णबुवा वझे यांनी दिलेल्या चालींना असाच दमदार गळा हवा होता. एकाचे सामर्थ्य आर्जवात, दुसऱ्याचे आव्हानात. मोगऱ्याला केवड्याचा वास येत नाही म्हणून त्यास दूषण देणाऱ्या मनुष्यास फुलांची आवड आहे, असे आपण म्हणत नाही.

हा वाद निव्वळ गाण्याचा होता असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. केशवराव कोल्हापूरच्या मराठा समाजातून आलेले, बालगंधर्व ब्राह्मण कुटुंबातले. आणि तो काळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने तापलेला. पुणे आणि कोल्हापूर यांच्यातील जुनी ईर्षाही होतीच. गाण्याविषयीच्या मतात असे दुसरे अभिनिवेश मिसळले की वाद लवकर नासतो, कारण मग प्रत्येक तानेवर कोणाची तरी प्रतिष्ठा टांगलेली असते. अशा काळात छत्रपती शाहू महाराजांचे वर्तन लक्षात घेण्यासारखे आहे. ब्राह्मणेतर चळवळीचे ते अग्रणी; पण तरुण नारायणरावांच्या कानांवर मिरजेत उपचार व्हावेत म्हणून त्यांनीच पुढाकार घेतला होता, आणि केशवरावांनाही त्यांचा जिव्हाळा लाभला. सामाजिक प्रश्नावर ठाम राहूनही कलावंताच्या गुणाला दाद देता येते, याचे हे उदाहरण आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहिले. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाचे वर्णन सहसा ‘जुगलबंदी’ म्हणून केले जाते. हा शब्द आम्हास पुरेसा वाटत नाही. जुगलबंदीत दोघे एकाच तऱ्हेचे काम करतात आणि तुलना अटळ असते. येथे तसे नव्हते. खाडिलकरांच्या या नाटकात भामिनी ही धनाच्या अभिमानाने आंधळी झालेली श्रीमंताची कन्या, आणि धैर्यधर हा निर्धन परंतु मानी, शूर सेनापती. त्याची योग्यता न पाहताच ती त्याला झिडकारते. पुढे वनमाला या नावाने सामान्य स्त्रीप्रमाणे छावणीत राहते, तेव्हा कोठे तिला त्याचा पराक्रम आणि स्वतःचा अंधपणा दोन्ही दिसतात. या कथेला धैर्यधराच्या मुखी आव्हान हवे आणि भामिनीच्या मुखी आर्जव हवे. केशवरावांचा आवेश आणि गंधर्वांचे मार्दव या दोन गोष्टी प्रेक्षकांनी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या होत्या. नाटकाला त्या दोन्ही एकाच वेळी लागत होत्या.

‘मानापमान’ हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर होते आणि प्रेक्षकांस मुखोद्गत होते. त्याचा विषयच मुळी असा की, ओळख करून न घेता केलेला अपमान हा अपमान करणाऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा असतो. दहा वर्षे हे नाटक पाहणारे प्रेक्षक आपल्या आवडत्या नटाच्या वतीने नेमके तेच करीत राहिले, जे पहिल्या अंकातील भामिनी करते. नाटक आवडणे आणि नाटक कळणे यांत किती अंतर असू शकते, हे दाखविण्यास याहून अधिक चांगला दाखला आम्हास माहीत नाही. वनमाला होऊन छावणीत राहण्याची भामिनीची युक्ती ही खरे पाहता रसिकालाही उपयोगी पडणारी आहे : जो आपल्याला रुचत नाही त्याच्या गोटात काही दिवस, आपले मोठेपण बाहेर ठेवून, राहून पाहावे.

नटांनी असा मार्ग दाखविला नाही म्हणजे काय घडते, याचे एक भयंकर उदाहरण न्यूयॉर्कच्या इतिहासात आहे. एडविन फॉरेस्ट हा अमेरिकन नट आणि विल्यम मॅक्रेडी हा इंग्रज नट, दोघेही शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी गाजलेले. फॉरेस्टचा अभिनय जोरकस व देहबळाचा, मॅक्रेडीचा संयत व विचारप्रधान. १८४६ साली एडिंबरो येथे मॅक्रेडीचा ‘हॅम्लेट’ चालू असता फॉरेस्टने प्रेक्षागृहातून त्याची जाहीर हुर्यो केली, आणि शैलीतील फरकाचे वैरात रूपांतर झाले. ७ मे १८४९ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टर प्लेस ऑपेरा हाउसमध्ये मॅक्रेडीवर अंडी आणि खुर्च्या फेकण्यात आल्या. त्याने परत जाण्याचे ठरविले. परंतु वॉशिंग्टन अर्व्हिंग आणि हर्मन मेल्व्हिल यांच्यासारख्या लेखकांसह अनेक प्रतिष्ठित नागरिकांनी त्याला राहण्याची लेखी विनंती केली. १० मे रोजी तो पुन्हा मॅक्बेथ म्हणून उभा राहिला. बाहेर हजारोंचा जमाव जमला, दगडफेक झाली, सैनिकी पथकाने गोळीबार केला आणि किमान बावीस माणसे मेली.

ही माणसे मॅक्बेथची भूमिका कोणी अधिक चांगली वठविली यासाठी मेली नाहीत, हे उघड आहे. इंग्रजांविषयीचा राग, श्रीमंतांच्या नाट्यगृहाविषयीचा गरिबांचा संताप, परकीयांविषयीचा आकस, हे सर्व दोन नटांच्या नावांमागे दडले होते. विनंतीपत्रावर सह्या करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण समोरच्या गर्दीला नेमके काय बोचत आहे हे त्यांनी विचारले नाही. सभ्य भाषेतील ते पत्रही अखेर एका पक्षाचेच पत्र ठरले. सौजन्य म्हणजे केवळ सुसंस्कृत भाषा नव्हे, हा धडा येथून घ्यावयाचा. केवळ भाषेचे सौजन्य आणि दुसऱ्याच्या तक्रारीची दखल घेणारे सौजन्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मुंबईतही दोन पक्ष होते, अभिमान होते, जातीय व प्रादेशिक ताण होते. तरी तेथे अॅस्टर प्लेस घडले नाही. याचे एक कारण राष्ट्रकार्याचे निमित्त हे होय. परंतु दुसरे कारण आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते : दोन्ही कलावंतांनी आपल्या चाहत्यांच्या वैराला स्वतःची संमती दिली नाही. फॉरेस्टने हुर्यो करून आपल्या चाहत्यांना परवाना दिला; केशवराव आणि बालगंधर्व यांनी एकत्र उभे राहून तो काढून घेतला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सर्व पक्ष मिटले असे नव्हे. गंधर्वप्रेमी गंधर्वप्रेमीच राहिले, आणि तसे राहण्यात काही गैरही नाही. मात्र स्वतःच्या दैवताने ज्याच्याबरोबर गाणे मान्य केले, त्याला क्षुद्र ठरविणे आता अवघड झाले होते.

येथे एक आक्षेप संभवतो. सौजन्याचा इतका आग्रह धरला तर समीक्षा बोथट होणार नाही काय? सर्वच चांगले म्हणावयाचे, तर टीकाकाराचे काम काय उरले? शिवाय सर्व मतभेद आवडीनिवडीचे नसतात. काही मतभेदांत माणसाच्या श्रद्धेला, इतिहासाला, समाजाला धक्का लागतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा असाच वाद उभा राहिला. नाना फडणिसांचे चित्रण विपर्यस्त आहे, पुण्याच्या ब्राह्मण समाजाची विटंबना आहे, असे एका बाजूचे म्हणणे; हे इतिहासाचे नाटक नसून सत्ता आणि हिंसा यांच्या नात्याचे नाटक आहे, असे दुसऱ्या बाजूचे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने थोड्याच प्रयोगांनंतर ते थांबविले. १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि तिने ते पुढे चालविले.

या वादात विरोधकांनी गप्प बसावयास हवे होते असे आमचे म्हणणे नाही. नानांच्या चरित्राचा अभ्यासक अस्वस्थ झाला तर त्याने ते सांगावे, पुराव्यानिशी सांगावे; भरताच्या दृष्टीने तोही एक प्राश्निकच आहे. परंतु इतिहासाचा जाणकार म्हणून बोलताना त्याने हेही पाहावे की, पडद्यासारखी हलणारी माणसांची ती रांग, कीर्तन-तमाशाच्या अंगाने जाणारे ते संगीत, यांविषयी निवाडा देण्याचा अधिकार दुसऱ्या प्राश्निकाचा आहे. आणि नाटकाच्या चाहत्याने प्रत्येक विरोधकास अरसिक ठरविण्यापूर्वी हे पाहावे की, ज्याला आपण कलेतील प्रतीक म्हणतो तो कोणाच्या तरी लेखी आदरणीय पूर्वज असतो. ‘तुम्हांस कला कळत नाही’ आणि ‘तुम्हांस लाज नाही’ ही दोन वाक्ये परस्परविरोधी पक्षांची असली तरी एकाच कुळातली आहेत : दोन्हींत नाटकाविषयी काहीच सांगितलेले नसते.

तेव्हा सौजन्य म्हणजे मताची धार कमी करणे नव्हे. धार कोठे लावावी याचे ते भान आहे. आमच्या अध्यापकबंधूंना व भगिनींना यातून तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. वर्गात नाटक शिकविताना विद्यार्थ्यांच्या वादासही त्या लावून पाहाव्यात. पहिली : मत प्रयोगाविषयी आहे की प्रयोग आवडणाऱ्या माणसाविषयी? ‘दुसरा अंक रेंगाळतो’ हे मत आहे. ‘असली नाटके असल्यांनाच आवडतात’ हे मत नव्हे. दुसरी : प्रतिपक्षाला जे आवडले त्याचे वर्णन, त्याने मान डोलवावी इतक्या अचूकपणे, आपल्याला करता येते काय? करता येत नसेल तर आपण अद्याप त्या नाटकाला विरोध करण्याच्या पात्रतेचे झालेलो नाही. तिसरी : समोरची व्यक्ती शेजारच्या खुर्चीवर बसली असती, तर हेच वाक्य आपण उच्चारले असते काय?

ही तिसरी कसोटी आजच्या काळात विशेष निकडीची आहे. गंधर्व आणि केशवराव यांचे चाहते कितीही भांडले तरी एकाच गावात राहत, एकाच थिएटरात येत, मध्यंतरात एकाच ठिकाणी चहा घेत. भांडण संपल्यावर पुन्हा भेटावेच लागे, आणि या भेटीची जाणीव भांडणाला मर्यादा घालीत असे. आज नाटकावरील वाद बहुधा एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांत होतात, आणि ते क्षणात शेकडो लोकांपर्यंत पोहोचतात. जी मर्यादा पूर्वी परिस्थिती घालीत होती, ती आता ज्याची त्याने स्वतःस घालून घ्यावयाची आहे.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी समाजांस तर याची दुप्पट गरज आहे. हुबळीने ललितकलादर्शाचा जन्म पाहिला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यांच्या निधनानंतर महिनाभराच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, वडोदऱ्यास झाला. मराठी रंगभूमीच्या मोठ्या घटना आपल्या अंगणात घडलेल्या आहेत. परंतु आज आपल्या केंद्रांत नाटक करणारे थोडे, पाहणारे त्याहून फार अधिक नाहीत. मोठ्या शहरात एक प्रेक्षक रुसला तर दुसरा येतो. आपल्याकडे वर्षातून एक नाटक बसविणाऱ्या हौशी मंडळींचे मन कुत्सित शेऱ्याने मोडले तर पुढील वर्षी पडदा वर जाईलच असे नाही. याचा अर्थ त्यांच्या उणिवा झाकाव्यात असा नव्हे. उणीव अशा रीतीने दाखवावी की, ती ऐकून त्यांस पुन्हा तालमीला जावेसे वाटेल. हे वाचकांस वाटते त्यापेक्षा कठीण आहे, कारण त्यासाठी प्रयोग लक्षपूर्वक पाहावा लागतो.

केशवराव भोसले त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिनेही जगले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. बालगंधर्व १९६७ पर्यंत होते. कोल्हापुरातील ज्या नाट्यगृहास केशवरावांचे नाव आहे, ते ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. त्या जुलैच्या रात्रीचे स्वर कोणत्याही तबकडीवर उतरलेले नाहीत. धैर्यधर कसा गायला आणि भामिनीने ते कसे झेलले, हे आपल्याला कळते ते केवळ ज्यांनी पाहिले त्यांच्या शब्दांवरून.

नटाची कला अशी क्षणजीवी आहे, आणि म्हणून प्रेक्षकाच्या शब्दावर एक जबाबदारी येऊन पडते. ‘तो गातो कसला, ओरडतो’ असे म्हणणाऱ्यांनी पुढील पिढीसाठी काहीही ठेवलेले नाही. त्यांचा राग त्यांच्याबरोबरच गेला. ज्यांनी आपल्या पक्षाबाहेरच्या गायकाची तान कोठून उठली, शब्दावर कशी उतरली, हे निगुतीने सांगितले, त्यांच्यामुळेच तो गायक आज आपल्यापर्यंत पोहोचतो. रसिकाचे सौजन्य ते हेच : आपल्याला न आवडलेल्या कलावंताविषयीही खरी साक्ष देणे.